डच 'इंटरनॅशनल' आणि एक अडणारी ओळ

आज दिवसभर कानात 'इंटरनॅशनल' या समाजवादी कामगारगीताचा डच अवतार घोळतंय. पॅरिस कम्यून, म्हणजे पॅरिसमधली बंडखोर कामगारांची राजवट, चिरडलं गेलं त्याच वर्षी, १८७१ मध्ये, यूजेन पोतिएने फ्रेंच शब्द लिहिले. चाल लागली १८८८ मध्ये, फ्रान्समधल्या लील शहरातल्या कामगार गायकवृंदासाठी. चाल बांधणारा पियेर द गेटर स्वतः कारखान्यातला कामगार आणि जन्माने गेंटचा, म्हणजे बेल्जियममधल्या फ्लेमिश गिरणगावातला. नोकरी जाऊ नये म्हणून छापील प्रतींवर नुसतं आडनाव टाकलं. तेच अंगाशी आलं: सख्ख्या भावाने चालीवर हक्क सांगितला आणि निकाल पियेरच्या बाजूने लागायला १९२२ उजाडलं.

डच शब्द हेन्रिएट रोलंड होल्स्ट यांचे, १९०० चे. मूळ सहा कडवी, डचमध्ये तीनच. बाई मुळात कवयित्री, त्यामुळे घोषणाबाजीच्या मधोमध 'बेखेर्ते हेफ्त ऑन्स आनखेराक्त' येतं: आकांक्षेचा स्पर्श झालाय आम्हाला. मला तरी ही ओळ फ्रेंच मूळापेक्षा सरस वाटते.

गाताना मात्र जपावं लागतं. चाल समेच्या आधीच्या स्वरावर उठते. गाण्याचा पहिलाच शब्द 'ऑन्टवाक्त' (जागे व्हा), त्याचा जोर दुसऱ्या अक्षरावर, म्हणून ते चपखल बसतं. तिसऱ्या ओळीतल्या 'रेडलिक'चा (विवेकी) जोर पहिल्याच अक्षरावर, आणि सम येते दुसऱ्यावर. तिथे नवखा गायकवृंद हमखास अडखळतो. पहिलं अक्षर किंचित लांबवावं, दुसऱ्यावर आघात देऊच नये. पट्टीही खालची धरा. धृपदात चाल वर चढते आणि मोर्च्यातले आवाज तिथेच फाटतात.