चार तास आणि तुटलेली स्प्रिंग

श्रावणातला मंगळवार होता. अंबाजोगाईतलं माझं गॅरेज नुकतंच उघडलं होतं. देवापुढं उदबत्ती लावत होतो, तेवढ्यात एक पांढरी मारुती एस्टीम दारात येऊन थांबली. ब्रेक लागल्यावर तिचं नाक खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं, आणि तीन-चार हेलकावे खाल्ल्यावर ती एकदाची स्थिर झाली. शॉकअप मेलेली गाडी ओळखायला बॉनेट उघडावं लागत नाही.

साठी ओलांडलेले गृहस्थ उतरले. पांढरा पायजमा, खांद्यावर टॉवेल.

"मिस्त्री, गाडी लई आदळायलीय. पुढून खटखट वाजायलंय. काही तेल-ग्रीस मारून भागत आसंल तर बगा. दोनच्या आत पायजे."

"दोनच कामून, मामा?"

"घरची मानसं दवाखान्यात हायेत. चार तास मशीनवर आसत्यात. दोनला सुटत्यात."

मग कळलं, मामींचं डायलिसिस चालू आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी. गाव धारूरच्या घाटाखाली, तेलगावच्या बाजूला. म्हणजे आठवड्यातून दोनदा तो अरुंद घाट चढायचा, धारूर, आडस करत अंबाजोगाई गाठायची आणि संध्याकाळी तोच घाट उतरायचा. आमच्या गावात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच्या आजूबाजूला खासगी दवाखाने आहेत, म्हणून लांबलांबची आजारी माणसं इथंच येतात. त्यांच्या गाड्याही मग माझ्यासारख्यांकडं येतात. दीड वर्ष हा प्रवास चालला होता.

आणि मामा कोण, तर एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. तीस वर्षं लाल गाडी चालवलेली, विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळालेला. ते ऐकून मला जास्तच नवल वाटलं. इतक्या जाणत्या माणसाला आपली गाडी इथवर आली हे कळलं कसं नाही? पण शॉकअपचा दगा असाच असतो. क्लच गेला तर गाडी जागेवर उभी राहते, बॅटरी गेली तर सकाळी चालू होत नाही. शॉकअप एका दिवसात जात नाही. रोज राईएवढा मरतो, आणि चालवणाऱ्याचं अंग त्याला रोज राईएवढं सरावत जातं. मामा घाटात आधी चाळीसनं यायचे, मग तीसनं, आता वीसनं. त्यांच्या लेखी गाडी होती तशीच होती, रस्ता खराब झाला होता.

रस्ता खराब होता हेही खोटं नाही. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर पक्का भराव न घालता डांबर टाकलं की दोन पावसाळ्यांत रस्त्याला लाटा येतात. त्यात कारखाने चालू झाले की समोरून उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या. त्यांना वाट द्यायची म्हणजे आपली डावी चाकं साइडपट्टीवरून खाली उतरणार आणि डांबराच्या कडेवर आदळत परत वर चढणार. म्हणून इकडच्या गाड्यांची डावी बाजू आधी संपते. मी पंचवीस वर्षांत हे इतक्यांदा पाहिलंय की गाडी आली की माझा हात आधी डाव्या मडगार्डवर जातो.

मी एस्टीमचा पुढचा डावा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. चांगला शॉकअप असेल तर गाडी एकदा वर येऊन थांबते. ही डोलत राहिली, आणि डोलताना आतून कड् असा आवाज आला. तो आवाज शॉकअपचा नव्हता. उजवी बाजूही डोलली, पण मुकी. स्टिअरिंग पूर्ण वळवलं तर, शॉकअप वर बॉडीला जिथं बांधलेला असतो त्या माउंटिंगपाशी कुरकुर आली, म्हणजे बेअरिंगही गेलेलं.

"मामा, ग्रीसचं काम नाही हे. उचलून बघावी लागंल."

गाडी जॅकवर घेतली, खाली घोड्या लावल्या, डावं चाक काढलं. माझा हाताखालचा पोरगा चाक गडगडत बाजूला नेत होता, त्याला म्हटलं, थांब, आडवं कर. टायरच्या आतल्या बाजूला, भिंतीवर, एक गोल चर पडला होता. कुणी टोकदार खिळ्यानं ओढत नेल्यासारखा. बोट फिरवलं तर आतले धागे हाताला लागले.

मग बॅटरी लावून वर पाहिलं. स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा तुटला होता. तुटलेला तुकडा खालच्या ताटलीत चिखलात रुतून बसला होता आणि वरच्या स्प्रिंगचं तुटकं टोक ताटलीच्या बाहेर सरकून टायरच्या दिशेला आलं होतं. खड्ड्यात चाक वर उचललं की ते टोक टायरला लागायचं.

त्या ताटलीत काळी माती खच्चून भरलेली होती. ती ओल धरते, स्प्रिंगवरचा रंग उडाला की लोखंड आतल्या आत खाते, आणि भार तर दर खड्ड्याला पडतोच. मी मामांना खाली वाकायला लावलं आणि बॅटरीच्या उजेडात टोक दाखवलं, मग टायरवरचा चर दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. बोलले एवढंच, "त्या बाजूला ती बसती."

चरातून दिसणारे ते धागे आणि धारूर घाटाचा उतार एकदम माझ्या डोळ्यांपुढं आला. उतारावर पुढचं टायर फुटलं तर एस.टी.चा तीस वर्षांचा हात असला तरी काय करणार?

तेव्हाच ठरवलं, ही गाडी अशी दारातून जाऊ द्यायची नाही. दहा वाजून गेले होते. एस्टीमचं उत्पादन बंद होऊन वर्षं झाली, सामान अंबाजोगाईत मिळेल याचा भरवसा नव्हता. लातूरच्या ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला. दोन शॉकअप, दोन स्प्रिंगा, दोन माउंटिंग बेअरिंगसकट, दांडा तळाला आदळू नये म्हणून बंप स्टॉपर, दांड्यावर धूळ बसू नये म्हणून रबरी बूट. सगळं होतं. म्हटलं, पुढच्या एस.टी.त टाक, ड्रायव्हरचा नंबर दे.

दोन्ही बाजूंचं सामान का, हा प्रश्न मामांनी विचारला. तो बरोबरच होता. एस.टी.तून निवृत्त झालेल्यांची पेन्शन किती येते ते मला ठाऊक आहे, माझे चुलते त्यातलेच. पण शॉकअप जोडीनंच बदलायचा असतो. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला मेलेला ठेवला तर ब्रेक मारताना, वळताना दोन बाजू दोन तऱ्हेनं वागतात आणि गाडी एका अंगाला ओढते. मामांची गाडी त्याचीच शिक्षा भोगत होती. वर्षभरापूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात फक्त डावा शॉकअप बदलून घेतला होता. तो बाहेर काढल्यावर पाहिलं, तर बंप स्टॉपर नाही, बूट नाही. आणि चकचकीत दांड्यावर पकडीचे दात उमटलेले. वरचा नट फिरवताना दांडा गरगर फिरतो, म्हणून कुणीतरी पकडीनं दांडाच आवळला होता. त्या दातांच्या ओरखड्यांनी तेलाचं सील कापलं आणि शॉकअप वर्षाच्या आत गळून गेला. दांडा धरायला वरच्या टोकाला खाच दिलेली असते. पाच मिनिटं जास्त लागतात, तेवढंच. त्या कामाचा मला राग आला. पैसे घेतले म्हणून नाही, त्या बाजूला बसणारं माणूस त्यांच्या डोक्यात आलं नाही म्हणून.

आयटीआयला आमचे सर फळ्यावर या पुढच्या शॉकअपची आकृती काढायचे. मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९४० च्या दशकात ही रचना आणली. स्प्रिंग आणि शॉकअप मिळून एकच खांब, वरून बॉडीला आणि खालून चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या लोखंडी तुकड्याला, बांधलेला. चाक वरून धरणारा वेगळा आर्म लागत नाही, जागा आणि खर्च वाचतो, म्हणून लहान मोटारींना पुढं बहुतेक हाच असतो. सर म्हणायचे, स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप उसळी जिरवतो. दांड्याखालचा दट्ट्या तेलातून वर-खाली होतो, तेल बारीक भोकांतून दाबानं जातं, उसळीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. तेल गळालं की स्प्रिंग एकटी उरते, आणि एकटी स्प्रिंग चाकाला नाचवत ठेवते. नाचणारं चाक जेवढा वेळ रस्ता सोडतं तेवढा वेळ त्याचा ब्रेक कामाचा नाही. लोक शॉकअपचं काम आरामाचं म्हणून पुढं ढकलतात. मी त्यांना ब्रेकचं काम म्हणूनच सांगतो.

सामान येईपर्यंत खोलाखोली केली. नकलचे दोन बोल्ट गंजून एकजीव झालेले. डिझेल मारून अर्धा तास मुरवले, मगच पाना लावला, नाहीतर डोकं गोल होतं. चाकाचा ब्रेक दाबणारा कॅलिपर तारेनं वर टांगला. ब्रेकच्या पाइपावर तो लोंबकळता ठेवायचा नसतो. पोरगा नकल बाहेर झुकवायला लागला तसा मी ओरडलो, कारण जास्त झुकली की एक्सल आतल्या जॉइंटमधून निसटतो आणि एक काम करताना दुसरं उभं राहतं.

आता खांब टेबलावर होता आणि पोरग्याला मी लांब उभं केलं.

२००१ साली मी शिकाऊ होतो. माझ्याबरोबरच्या एका मुलानं घाईत स्प्रिंग न आवळता वरचा नट सोडला. नट सुटला, वरची ताटली उडाली आणि त्याच्या जबड्याला लागली. तो वाचला, पण त्याचं तोंड वर्षभर नीट उघडत नव्हतं आणि तो परत या धंद्यात आला नाही. गाडीचा पुढचा भार तोलणारी स्प्रिंग खांबावर असतानाही दाबलेलीच असते. ती मोकळी व्हायला टपलेली असते. पत्र्यावर ताटली आदळल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

त्यात ही तुटलेली स्प्रिंग, म्हणजे तिचा भरवसाच नाही. स्प्रिंग आवळायचे दोन कंप्रेसर समोरासमोर लावले, त्यांचे आकडे धड वेढ्यांवर घेतले, बाहेरून साखळी गुंडाळली. मग इकडं दोन आटे, तिकडं दोन आटे, असं आलटूनपालटून आवळत गेलो. एका बाजूनं आवळली तर स्प्रिंग धनुष्यासारखी वाकते आणि आकडा घसरतो. स्प्रिंग ताटलीत हातानं हलायला लागली तेव्हाच नटाला पाना लावला, तोही तोंड बाजूला ठेवून. नट निघाला, ताटली जागेवर राहिली. मी श्वास सोडला. मामा खुर्चीवरून उठून उभे राहिलेले मला तेव्हा दिसले.

साडेबाराला सामान आलं. नवा शॉकअप उभा धरून चार-पाचदा वर-खाली केला, आडवा पडून आत शिरलेली हवा निघून जाते. बूट, स्टॉपर, स्प्रिंगचं टोक ताटलीच्या खाचेत बरोबर, नवं माउंटिंग. डावा बसला. उजवा मात्र दोनपर्यंत होणार नाही हे मला दीडलाच कळलं. मी मामांना तसं सांगितलं आणि पोरग्याला रिक्षा घेऊन त्यांच्याबरोबर दवाखान्यात पाठवलं.

मामी आल्या. अंग गळून गेलेलं, ओठ कोरडे. गॅरेजच्या मागं माझं घर आहे, तिथं पलंगावर त्यांना झोपवलं. बायकोनं चहा विचारला तर म्हणाल्या, "नगं माय, आमचं पानी मोजून आसतंय." डाव्या हातावर, मशीन लावण्यासाठी नस जोडलेल्या जागी, पट्टी होती आणि तो हात त्यांनी उजव्या हातानं छातीशी धरला होता. झोपल्यावरही सोडला नाही. बायकोनं विचारलं, हात दुखतोय का? त्या म्हणाल्या, "दुकत नाही. गाडीत दचका बसतो म्हून धरायची सवय लागली."

ते ऐकून मी परत पान्याकडं गेलो.

साडेतीनला उजवी बाजू झाली. गाडी चाकांवर उतरवल्यावर चाकाला खालून धरणाऱ्या आर्मचे बोल्ट शेवटचे कसले. चाक लोंबकळत असताना कसले तर भार आल्यावर रबरी बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. चर पडलेलं टायर बाद केलं, स्टेपनी पुढं लावली, आणि पंक्चरवाल्याकडून एक बऱ्यापैकी जुनं टायर घेऊन स्टेपनीला दिलं, कारण स्टेपनीशिवाय घाटात सोडणं बरं नव्हतं. तिथून लातूर रोडला अलाइनमेंटला नेली. खांब नवा बसला की चाकाचा कोन बदलतो. बोल्टवर खुणा केल्या असल्या तरी हे टाळायचं नसतं.

परत येताना मामांच्या हातात स्टिअरिंग दिलं. कॉलनीतल्या मोठ्या स्पीडब्रेकरवर त्यांनी सवयीनं गाडी जवळजवळ उभी केली. म्हटलं, "जाऊ द्या मामा, पंचविसानं." गेली. एकदा वर आली आणि बसली. मामा काही बोलले नाहीत. पुढच्या चौकातून गाडी वळवली आणि त्याच ब्रेकरवरून पुन्हा नेली.

मजुरी मी निम्मी घेतली. ते ऐकत नव्हते, तेव्हा म्हटलं, उरलेली मागच्या शॉकअपच्या कामाला धरा. तेही आता दमलेत.

पाचला निघाले. सातच्या सुमारास फोन आला, घाट उतरलो म्हणून. मागं मामींचा आवाज येत होता, त्या कुणाला तरी दार उघडायला सांगत होत्या.

तुटलेला तुकडा गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलाय. शुक्रवारी येताजाता मामा गाडी थांबवून पुढचे नट तपासून घेतात. मागचं काम दसऱ्यानंतर करायचं ठरलंय, सामान मी आत्ताच मागवून ठेवलंय.