भाच्याची डीयूआय (दारू पिऊन गाडी चालवल्याची) केस आणि टीममधून "अनिश्चित काळासाठी" सस्पेन्शन – माझा अनुभव

आधी कामाचं लिहून टाकते, नाहीतर रागाच्या भरात राहून जाईल. तुमचं मूल अमेरिकेत कॉलेजच्या टीममधून खेळत असेल आणि त्याला टीममधून सस्पेंड केल्याचं पत्र आलं तर त्यात तीन गोष्टी शोधा. निर्णय कोण घेणार, परत यायला नक्की काय काय करायचं आणि कधीपर्यंत. नसतील तर त्याच दिवशी ईमेल करून मागा. फोनवर नाही, लेखी.

माझा भाचा पुण्याचा, डेक्कन जिमखान्याच्या कोर्टवर लहानाचा मोठा झालेला, टेनिसच्या स्कॉलरशिपवर इकडे कॅलिफोर्नियात शिकतोय. कॉलेजचं नाव लिहीत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पार्टीहून गाडी चालवत परत येताना पोलिसांनी थांबवलं, ब्रेथ टेस्टमध्ये रक्तातलं अल्कोहोल ०.०९ टक्के आलं. इथे मोठ्यांना मर्यादा ०.०८ आणि २१ च्या आतल्यांना ०.०१, म्हणजे शून्यच धरा. हा २० चा. रात्र जेलमध्ये काढून सकाळी सुटला. कोणाला काही लागलं नाही ही देवाची कृपा. त्याने केलं ते चुकीचंच होतं आणि मला त्याची बाजू घ्यायची नाहीये, त्यालाही तोंडावर हेच सांगितलं. ताईचा पुण्याहून रडत फोन, दंड भरून मिटत नाही का गं. कल्याणीनगरची पोर्शे केस त्याच वर्षी मे महिन्यात झालेली, जामिनाच्या अटीत तो ३०० शब्दांचा निबंध सगळ्या देशाने वाचलेला, त्यामुळे घरात प्रत्येकाला वाटत होतं की शिकणाऱ्या मुलांचं असंच काहीतरी करून मिटवतात. मी म्हटलं ताई, त्यात जी दोन तरुण मुलं गेली त्यांच्या आईवडिलांना डोळ्यासमोर आण आणि मग शिक्षेबद्दल बोल. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

कोर्टाचं फार लिहीत नाही, वकील चांगला मिळाला, तारखा पडत गेल्या, शेवटी इथे ज्याला वेट रेकलेस म्हणतात (दारू पिऊन बेपर्वाईने गाडी चालवणं, डीयूआयपेक्षा हलका गुन्हा) त्यावर मिटलं, दंड, दारूवरचे क्लास, प्रोबेशन. कोर्ट मला समजलं. पुढची तारीख कधी ते कागदावर असायचं, काय होणार ते वकील सांगायचा. डोकं फिरवलं ते कॉलेजने.

अटकेच्या दुसऱ्या दिवशी कोचने बोलावून सांगितलं, तू टीममधून सस्पेंड. हे मला मान्य आहे. जॉर्जियाच्या फुटबॉल टीमचं जानेवारी २०२३ मध्ये झालेलं सगळ्यांना माहितीय, चॅम्पियनशिपच्या जल्लोषानंतर काही तासांत गाडीच्या अपघातात एक खेळाडू आणि टीमच्या स्टाफमधली एक मुलगी गेली, चालवणारी प्यायलेली होती. असं घडल्यावर कुठलाही कोच कडक वागणारच, वागायलाच हवं. पण दोन दिवसांनी अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंटचं जे पत्र आलं त्यात फक्त "अनिश्चित काळासाठी" एवढंच. प्रॅक्टिस नाही, टीमचा ट्यूटर नाही, जिम नाही, आणि खांद्याला दुखापत होती त्याची फिजिओथेरपी पण बंद. परत कधी, कशावर, काही नाही.

मी फोन केला तर पलीकडून "फर्पामुळे तुमच्याशी बोलता येणार नाही". फर्पा म्हणजे विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डच्या गुप्ततेचा १९७४ चा कायदा, मूल कॉलेजात गेलं की त्याच्या सहीशिवाय आईबापांनाही ते सहसा सांगत नाहीत, मी तर मावशी. बरं, त्याने रजिस्ट्रारकडे सही केली. तर अ‍ॅथलेटिक्सवाले म्हणतात तो फॉर्म आमच्याकडे चालत नाही, आमचा वेगळा. तो भरला तर स्टुडंट कंडक्ट ऑफिसचा, म्हणजे विद्यार्थ्यांची शिस्त बघणाऱ्या ऑफिसचा, आणखी वेगळा. म्हणून सांगते, मूल ऑगस्टमध्ये कॉलेजला जायला लागलं की तेव्हाच प्रत्येक ऑफिसचा फॉर्म भरून ठेवा.

आता खरा गुंता. अ‍ॅथलेटिक्सवाले म्हणायचे कंडक्ट ऑफिसचा निकाल येऊ दे, मग बघू. कंडक्ट ऑफिस म्हणायचं मुलाने समोर येऊन काय झालं ते सांगू दे, मग निकाल. आणि वकील म्हणायचा खबरदार एक शब्द बोललास तर, तिथे बोललेलं कोर्टात तुझ्याविरुद्ध वापरता येतं. आणि कोर्टात पोलिसांच्या बॉडीकॅमचा व्हिडिओ यायचा म्हणून तारीख पुढे. म्हणजे तिघं एकमेकांकडे बोट दाखवणार आणि पोरगं मधे. त्यात कोच भेटला की म्हणायचा, तू जबाबदारी घेताना दिसत नाहीस. अरे कशी घेणार, तोंड उघडायचं नाही असं सांगितलंय त्याला! रात्री फोन करायचा, "मावशी, मी सॉरी म्हणायला तयार आहे गं, पण कोणाला म्हणू तेच कळत नाहीये". ऐकून जीव तुटायचा.

मी दर आठवड्याला ईमेल करायचे आणि दर वेळी तेच उत्तर, प्रक्रिया चालू आहे. कुठली प्रक्रिया, कोणाच्या टेबलवर? त्या ऑफिसातली माणसं वाईट नव्हती, गोड बोलायची सगळी, पण गोड बोलण्याने काहीच हलत नव्हतं. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, जानेवारीत टेनिसच्या मॅचेस सुरू होतात, टीम बाहेरगावी खेळायला गेली आणि हा रूमवर. फिजिओचं तेवढं मी स्वतंत्र ईमेल लिहून विचारलं की दुखापत तुमच्याकडे खेळताना झालीय, उपचार थांबवण्याचं कारण लेखी द्या. ते मात्र लगेच परत चालू झालं. तेव्हा पहिल्यांदा कळलं की लेखी कारण मागितलं की हलतात.

आणि मग फायनान्शियल एडचं पत्र आलं, स्कॉलरशिप रद्द करण्याचा विचार आहे म्हणून. ताई तर कोसळलीच. २०२४-२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा गट) पुरुषांच्या अख्ख्या टेनिस टीमला मिळून साडेचार स्कॉलरशिप असायच्या, त्या वाटून घ्यायच्या, त्यातली याची गेली तर फी भरणं त्यांना शक्यच नव्हतं. पण गंमत बघा, त्याच पत्राने आम्हाला सोडवलं. एनसीएएचा, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेचा, नियम असा आहे की वर्षाच्या मधे गैरवर्तनाच्या कारणाने स्कॉलरशिप काढायची असेल तर ते गैरवर्तन गंभीर आहे हे कॉलेजच्या नेहमीच्या शिस्तीच्या यंत्रणेने ठरवावं लागतं, म्हणजे तेच कंडक्ट ऑफिस, एकट्या कोचला किंवा अ‍ॅथलेटिक्सला ते ठरवता येत नाही. आणि मुलाला सुनावणी मागायचा हक्क लेखी कळवावा लागतो. खेळवायचं की बसवायचं हे कोचच्या हातात, पैसे काढणं नाही. हे मी रात्री जागून नियम वाचून शोधलं आणि मला त्याचा अभिमान आहे, कारण वकिलालाही हे माहीत नव्हतं, त्याचं क्षेत्र वेगळं.

मुदतीच्या आत सुनावणी मागितली. समोर अ‍ॅथलेटिक्सच्या बाहेरची माणसं होती, प्राध्यापक वगैरे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, कंडक्ट ऑफिसचा निष्कर्ष कुठाय? नव्हताच. मग स्कॉलरशिप तशीच राहिली आणि कंडक्ट ऑफिसला कोणीतरी वरून विचारलं असणार, कारण इतके महिने झोपलेली फाइल पंधरवड्यात जागी झाली. तोपर्यंत कोर्टात तडजोड झालेली, वकिलाने बोलायची परवानगी दिली. त्या मीटिंगला सोबत एक सल्लागार नेता येतो पण आमच्या इथे त्याला बोलायची परवानगी नव्हती, मुलालाच बोलावं लागलं, आणि तो नीट बोलला. तिथे कोर्टासारखं शंकेला जागा उरू नये एवढा पुरावा लागत नाही, घडलं असण्याची शक्यता जास्त वाटली की पुरे, त्यामुळे कोर्टात गुन्हा हलका झाला म्हणजे इथेही सुटलो असं धरून चालू नका.

निकाल: कॉलेजचं प्रोबेशन, समाजसेवेचे तास, आणि मॅडच्या पॅनलला जाऊन बसायचं. मॅड ही संस्था १९८० मध्ये कॅलिफोर्नियातच एका आईने काढली, तिच्या १३ वर्षांच्या मुलीला दारू प्यायलेल्या ड्रायव्हरने उडवलं होतं. त्या पॅनलमध्ये असे जवळचे गेलेले लोक स्वतः बोलतात. माझ्या मते सगळ्या शिक्षांमध्ये तीच एक खरी शिक्षा होती आणि ती पहिल्या आठवड्यात द्यायला हवी होती. मार्चमध्ये टीममध्ये परत घेतला, आधी नुसती प्रॅक्टिस, मग डबल्स.

डीएमव्हीचं, म्हणजे इथल्या आरटीओचं, सांगायचं राहिलंच. लायसन्सचं कोर्टापेक्षा वेगळं चालतं, पोलीस जो तात्पुरता कागद देतात तो ३० दिवस चालतो, पण सुनावणी मागायची असेल तर अटकेपासून १० दिवसांत मागावी लागते. २१ च्या आतल्यांचं लायसन्स वर्षभर जातं. आमचा सायकलवर फिरतोय.

आणि एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावाल्यांनी हे नक्की वाचा. नुसत्या अटकेवरून, दोषी ठरायच्या आधीच, व्हिसा रद्द झाल्याचा ईमेल येऊ शकतो, आम्हाला आला. त्याचा अर्थ लगेच देश सोडा असा नाही, आय-ट्वेंटी (कॉलेज देतं तो प्रवेशाचा कागद) आणि सेविसचं (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) रेकॉर्ड चालू असेल तर शिकता येतं, पण एकदा बाहेर पडलं की परत यायला नवीन व्हिसा आणि त्याआधी त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडून तपासणी. २०२५ च्या एप्रिलमध्ये तर कितीतरी मुलांची सेविस रेकॉर्डच बंद केली होती, नंतर कोर्टकचेऱ्या झाल्यावर परत चालू केली, ते दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. तेव्हा गुन्ह्याच्या वकिलासोबत इमिग्रेशनचा वकील पहिल्याच दिवशी गाठा, आणि तडजोडीवर सही करायच्या आधी त्याला दाखवा. भाचा या उन्हाळ्यात पुण्याला गेला नाही, ताईच इकडे आली.