‘मॅम, एअरलाइन से अप्रूवल नहीं आया है’

विमानाच्या तिकिटांचे पैसे परत मागताना हे वाक्य मी सात आठवड्यांत किती वेळा ऐकलं याची नोंद बाबांकडे आहे. बाबा एसटीत कंट्रोलर होते, त्यामुळे नोंद ठेवायची सवय जुनी. जुन्या डायरीत तारीख, वेळ, कोण बोललं, काय बोललं. पुढे तीच डायरी कामाला आली.

जानेवारी 2024 मध्ये आम्ही चौघांची, म्हणजे आई-बाबा, नवरा आणि मी, पुणे ते बागडोगरा अशी 12 मेची तिकिटं काढली, दिल्लीत विमान बदलून. आईला दार्जिलिंग बघायचं होतं. एका मोठ्या ट्रॅव्हल पोर्टलवर चारशे रुपये स्वस्त दिसली म्हणून थेट विमान कंपनीकडे न जाता तिथून घेतली. तिकिटांचे 38,640 रुपये, वर ‘कन्व्हिनियन्स फी’ 1,400 आणि विम्याचे 796. विमा मी मागितलाच नव्हता, चौकोनात आधीच खूण केलेली होती. ग्राहकाच्या टोपलीत अशी न मागितलेली वस्तू सरकवणं केंद्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्येच ‘डार्क पॅटर्न’च्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीच्या, 13 प्रकारांत घालून बंद केलंय, हे मला नंतर कळलं. चारशे वाचवायला गेले आणि बावीसशे जास्त देऊन आले, यावरून घरात अजून चिमटे निघतात.

19 एप्रिलला मेल आली की पहिलं विमान रद्द. पर्याय दिला तो असा, की दिल्लीच्या विमानतळावर चौदा तास बसून दुसऱ्या दिवशी पुढे जायचं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला घेऊन? नको म्हटलं, पैसे परत द्या.

आणि इथेच मी फसणार होते. ॲपवर ठळक अक्षरांत एकच बटण, ‘तिकीट रद्द करा’. दाबलं तर पुढच्या पानावर परतावा दिसला 9,240 रुपये! म्हणजे विमान त्यांनी रद्द केलं, पण बटण मी दाबलं की ते ‘प्रवाशाने रद्द केलं’ धरून दंड कापणार. शेवटचं ‘कन्फर्म’ दाबायच्या आत बाबा ओरडले, “अगं थांब, गाडी त्यांनी रद्द केलीय, आपण नाही!” खरा पर्याय ‘मदत’च्या आत, तिथून ‘इतर’च्या आत लपलेला होता. तो शोधायला पंचवीस मिनिटं गेली. विनंती नोंदवली, त्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला.

मग सुरू झालं टोलवणं. पोर्टल म्हणे कंपनीकडून पैसे आले नाहीत. कंपनी म्हणे तिकीट एजंटाकडून घेतलंय, त्यांनाच विचारा. चॅटवरचा रोबो दर वेळी नव्याने विचारायचा, “मी तुम्हाला कशी मदत करू?” आणि पीएनआर टाकला की माणसाशी जोडतो म्हणून गायब. माणूस मिळाला की तो नवीन, त्याला सगळं पहिल्यापासून सांगा. एकाने व्हाउचर देऊ केलं, सहा महिन्यांत वापरायचं. मी नाही म्हटलं. पैसे परत घ्यायचे की जमा ठेवायचे, हा निर्णय डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे प्रवाशाचा असतो.

त्याच नियमात आणखी एक ओळ होती, आणि ती मी महिनाभर वाचलीच नव्हती. तिकीट एजंटाकडून किंवा पोर्टलवरून घेतलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच, कारण एजंट हा त्यांचा नेमलेला प्रतिनिधी. मुदत तेव्हा 30 कामाचे दिवस होती. म्हणजे “एजंटाला विचारा” हे उत्तरच चालत नाही.

(दरम्यान सहल झाली. कोलकात्यापर्यंत दुसरी महाग तिकिटं काढून, पुढे रात्रीच्या रेल्वेने. कांचनगंगा दोन मिनिटं दिसलं, आई तेवढ्यावर खूश.)

30 कामाचे दिवस संपले तशी 4 जूनला नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’वर तक्रार टाकली, पोर्टलविरुद्ध नाही, विमान कंपनीविरुद्ध. तिसऱ्या दिवशी कंपनीचं लेखी उत्तर आलं. चौघांचे पूर्ण पैसे 26 एप्रिललाच एजंटाच्या खात्यात जमा केलेत, सोबत संदर्भ क्रमांक.

26 एप्रिल! बाबांनी डायरी उघडली. त्या तारखेनंतर पोर्टलच्या माणसांनी ‘अप्रूवल नहीं आया है’ हे अकरा वेळा सांगितलं होतं. आमचे पैसे खिशात ठेवून.

आता कागद हातात होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे 1915 वर फोन केला. मराठीत बोलता येतं, सकाळी 8 ते रात्री 8. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं, तक्रार क्रमांक दिला. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, फक्त पोर्टलकडे पाठपुरावा करते, हेही त्यांनी आधीच सांगितलं. म्हणून मी पोर्टलच्या तक्रार अधिकाऱ्याला वेगळी मेल केली. विमान कंपनीचं उत्तर, स्क्रीनशॉट, डायरीतल्या अकरा तारखा जोडल्या आणि खाली दोन ओळी लिहिल्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथे, म्हणजे पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. आणि मोजलेली रक्कम 5 लाखांच्या आत असल्यामुळे तक्रारीला फीसुद्धा नाही.

सहा दिवस फोन नाही, मेल नाही. 14 जूनला खात्यात 28,980 रुपये जमा. तिघांचेच! आईचे राहिले होते, कारण त्यांच्याकडे तिच्या नावात एक अक्षर चुकलं होतं म्हणे. याच नावावर तिकीट विकताना काही अडलं नव्हतं. परत मेल, परत डायरी. आणखी नऊ दिवसांनी 9,660 आले.

1,400 ची फी आणि 796 चा विमा अजून आलेला नाही. त्याची तक्रार चालू आहे, आणि बाबांनी डायरीचं नवीन पान उघडलंय.