आमची वाटचाल : आरा ओंडक्यापर्यंत नेताना

पूर्व विदर्भातील वडसा-ब्रम्हपुरीच्या धानपट्ट्यातील आमचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप अनेक वर्षे चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लावायची लोखंडी केजव्हील, ट्रॉलीची दुरुस्ती आणि गेट-ग्रिल यांवरच चालत असे. रोवणी आटोपली की काम मंदावायचे, आणि त्याच रिकाम्या काळात चेनसॉवर, म्हणजे फिरत्या साखळीच्या यंत्र-करवतीवर, बसणारी लाकूड चिरण्याची चौकट आम्ही बनवायला घेतली. निमित्त गिऱ्हाइकांनीच पुरवले. वादळात धुऱ्यावरचा (शेताच्या बांधावरचा) जुना आंबा आडवा झाला, की त्याचा दोन-अडीच फुटी बुंधा बांध्यांमधून काढून आरामशीनपर्यंत नेण्याचा खर्च लाकडाच्या किमतीला भारी पडतो, आणि चांगले लाकूड चुलीत जाते.

चौकट दिसायला साधी आहे. चौकोनी पाइपच्या दोन समांतर पट्ट्या ओंडक्यावरून सरकतात, दोन्ही टोकांचे आटे पाडलेले उभे गज खाली चेनसॉच्या पात्याला धरून ठेवतात, आणि मधले अंतर नटांनी ठरवू तेवढ्या जाडीची फळी निघते. खरे कसब पकडीत आहे. पात्याच्या कडेच्या खाचेतून साखळी धावते. पकड कडेपर्यंत गेली तर खाच दबते, आणि टोकावरच्या चाकावर आली तर ते चाकच फिरत नाही, म्हणून पकडीची पट्टी आम्ही मुद्दाम अरुंद ठेवतो.

पहिला काप सर्वांत नाजूक, कारण गोल ओंडक्यावर चौकट टेकायला सपाटी नसते. दोन सरळ पाइपांची शिडी ओंडक्यावर ठेवून, दोन्ही तोंडांना पाणसळ लावून ती स्क्रूने आवळावी लागते; शिडीत सूतभर बाक असला तरी तो पुढच्या प्रत्येक फळीत उतरतो. काप पुढे सरकेल तशा मागे पाचरी ठोकत जावे, नाहीतर वरची फळी बसून पाते आवळले जाते. झाड आडवे कापण्याच्या साखळीचे दात साधारण ३० अंशांत घासलेले असतात. लाकूड उभे चिरण्यासाठी ते १० अंशांवर आणल्यास काप गुळगुळीत येतो. वाळलेली बाभूळ असेल, तर मात्र दर फळीमागे कानस हातात घ्यावीच लागते.

गिऱ्हाइकाला आम्ही तोटाही आधीच सांगतो. साखळीचा काप सुमारे ८ मिलिमीटर रुंद, तर आरामशीनवरच्या बँडसॉचा (पट्टा-करवतीचा) दोन-तीन मिलिमीटर. त्यामुळे इंची फळ्या काढल्या, तर तीन फळ्यांमागे एका फळीएवढा भुसा होतो. पातळ फळ्या हव्या असणाऱ्याने आरामशीनच गाठावी. बंडीची (बैलगाडीची) साटी, दाराच्या चौकटी किंवा बैठकीच्या जाड फळ्या यांसाठी आमची चौकट उपयोगी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये राज्यातील विनापरवाना आरागिरण्या बंद करण्याचा आदेश दिला होता आणि आजही परवाना लागतोच, त्यामुळे आम्ही चौकट विकतो, चिराईचे काम घेत नाही. आंबा आणि मोह १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत, म्हणजे तोडायला परवानगी लागणाऱ्या झाडांच्या यादीत, असल्याने वन कार्यालयात विचारपूस करूनच ऑर्डर द्यावी, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो. काही गिऱ्हाइके त्यामुळे परत जातात, त्यास आमची हरकत नाही.