बेस ऐकायचाय? मग आधी हेडफोन लावा

फोनच्या स्पीकरवर जॅझ ऐकत असाल तर ते आधी बंद करा, खरंच सांगते, कारण डबल बेसची, म्हणजे उभं धरून वाजवायच्या त्या माणसाएवढ्या व्हायोलिनसारख्या वाद्याची, सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते आणि एवढा खर्ज त्या इवल्याशा स्पीकरमधून बाहेरच येत नाही. मी कितीतरी वर्षं तसंच ऐकायचे आणि मला वाटायचं बेस म्हणजे मागे नुसतं धुम धुम. मग एकदा हेडफोनवर ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचं 'सो व्हॉट' लावलं तर काय, मुख्य धून ट्रम्पेट नाही, पॉल चेंबर्सचा बेस वाजवतोय आणि बाकीचे त्याला फक्त दोन सुरांचा होकार देतायत! १९५९ चं रेकॉर्डिंग, चेंबर्स तेव्हा २३ वर्षांचा. तो गजानेही सुंदर वाजवायचा, त्याचे ते सोलो नक्की शोधा.

त्याच्याही आधीचा बेसवाला जिमी ब्लँटन. १९३९ ला ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये आला आणि नुसता ठेका धरणाऱ्या या वाद्याला त्याने गायला लावलं, 'जॅक द बेअर' ऐका म्हणजे कळेल. १९४२ मध्ये टीबीने गेला, २३ व्या वर्षी. एवढ्याशा काळात एवढं काम, मला अजूनही विश्वास बसत नाही.

बेसवाल्या स्कॉट लाफारोबद्दल लिहिताना दर वेळी जीव तुटतो. २५ जून १९६१, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब, पियानोवर बिल इव्हान्स, ड्रम्सवर पॉल मोशन. मागे ग्लासांची किणकिण, लोकांच्या गप्पा, आणि त्यात लाफारो पियानोच्या मागे मागे न जाता त्याच्याशी बोलतोय, मध्येच प्रश्न विचारतोय, मध्येच वाक्य स्वतःच पुरं करतोय. 'ग्लोरियाज स्टेप' तर त्याचीच रचना. अकराच दिवसांनी तो कार अपघातात गेला, वय २५, आणि त्यानंतर इव्हान्स कित्येक महिने लोकांसमोर वाजवायला बसला नाही.

बेसवाल्या चार्ल्स मिंगससाठी 'हेशियन फाइट साँग'ची सुरुवात ऐका, एकटा बेस आणि काय तो आवेश. बेसवाला रॉन कार्टर तर इतका वाजलाय की २०१५ मध्ये गिनेसने त्याची २,२२१ रेकॉर्डिंग मोजली.

पण माझा सगळ्यात लाडका चार्ली हेडन. लहानपणी घरच्यांबरोबर रेडिओवर गायचा, मग पंधराव्या वर्षी पोलिओ झाला आणि गाणं सुटलं. मला नेहमी वाटतं की तो गळा पुढे बेसमध्ये उतरला. सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनचं 'लोन्ली वुमन' लावा, ड्रम्स धावतायत आणि हेडन खाली अगदी संथ, जणू घाई त्याला माहीतच नाही. दुसरा कोणी दहा सूर वाजवेल तिथे हा एक वाजवतो आणि तो विरेपर्यंत थांबतो. पॅट मेथिनीच्या गिटारबरोबरचा १९९७ चा 'बियाँड द मिसूरी स्काय' मी रात्री दिवे बंद करूनच ऐकते.

हो, जिमी गॅरिसन राहिलाच! सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या 'अ लव्ह सुप्रीम'च्या पहिल्या भागात तो चार सुरांचा तुकडा सुरुवातीलाच त्याच्या बोटांतून येतो, मग त्यावर सगळं उभं राहतं, आणि शेवटी एकेक जण थांबत जातो आणि मागे एकटा बेस उरतो.