शाळा सोडल्याचे कारण

स्मरणिका समितीने हायस्कूलच्या आठवणी मागितल्या आहेत. त्या लिहिणारे पुष्कळ मिळतील. मी पाचवीला इथे आलो तो आमच्या वाडीतल्या चार यत्तांच्या शाळेतून. ती शाळा बंद पडली. तिची स्मरणिका निघणार नाही, म्हणून इथलंच एक पान तिच्यासाठी मागून घेतो.

माझा जन्म लालबागचा, वडील गिरणीत. जानेवारी 1982 मध्ये संप सुरू झाला आणि जूनमध्ये वडिलांनी आईला नि आम्हा तिघा भावंडांना गावी, संगमेश्वर तालुक्यात, धाडून दिलं. त्या वर्षी घरटी अशी मुंबईची पोरं आली. एकशिक्षकी शाळेचा पट एकाएकी फुगला, बसायला पट्ट्या पुरेनात. संपाने पुष्कळांची चूल विझवली, पण आमच्या शाळेने तेवढी गजबज पुन्हा पाहिली नाही.

चिऱ्याची एकच खोली, वर कौलं. पहिली-दुसरीची तोंडं एका भिंतीकडे, तिसरी-चौथीची दुसऱ्या. गुरुजी मधे. ते आमची गणितं तपासत तेव्हा चौथीतला कुणीतरी पहिलीकडून पाढे म्हणवून घ्यायचा, आणि बे एके बेच्या त्या गजरात माझा भागाकार हमखास चुकायचा. संपलेले बॅटरीचे सेल फोडायचे, आतली काळी पूड कालवायची आणि फळा सारवायचा, हा शनिवारचा कार्यक्रम. हात सोमवारपर्यंत काळे. पावसात पऱ्या, म्हणजे ओढा, साकवावरून वाहायला लागला की पलीकडच्या पोरांना सुट्टी. आम्ही अलीकडचे, आमचं नशीब खोटं.

वडील शिकले तेव्हा शाळा देवळात भरे. लोकल बोर्डाची शाळा म्हणत तिला. 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि पाटी बदलली. खोली नंतरची. चिरे वाडीतल्या बापयांनी वाहिले. पैसे मुंबई मंडळाचे, म्हणजे लालबागला गावकीच्या खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या गिरणी कामगारांचे, पगारातून काढलेले. मे महिन्यात चाकरमानी आले की आधी शाळेची कौलं परतायची, मग आपापल्या घरांची.

दहापेक्षा कमी पटाच्या शाळांचं समायोजन, म्हणजे शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत धाडणं, करायचं ठरलं ते 2017 च्या अखेरीस. आमच्याकडे तेव्हा दोन मुलं होती. वाडीची सभा झाली, निवेदन लिहिलं, चाळीसएक सह्या झाल्या. त्यातल्या एकाचंही मूल त्या शाळेत नव्हतं. भावाची मुलं व्हॅनने बाजारपेठेतल्या इंग्रजी शाळेत जात होती, माझी नालासोपाऱ्यात. निवेदनावर माझी सही तिसरी आहे.

गेल्या वर्षी पुतण्याच्या जात पडताळणीला 1967 पूर्वीचा पुरावा हवा झाला. वडिलांच्या शाळेचा दाखला काढायचा होता. बंद शाळेचं दप्तर केंद्रशाळेत गेलेलं. तिथल्या मॅडमनी कपाटातून जनरल रजिस्टर काढून दिलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी. वडील सापडले : हिंदू कुणबी, जन्म 1 जून. खाली काका, 1 जून. आत्या, तीही 1 जून. आजीला विचारलं असेल तर तिने 'हा लावणीत झाला, ही शिमग्याला' एवढंच सांगितलं असणार. गुरुजींनी सगळ्यांना शाळाप्रवेशाला सोयीची तारीख देऊन टाकली. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण. वडिलांपुढे 'मुंबईस गेला'. काकांपुढे तेच. पानभर मुलगे मुंबईस गेलेले. आत्यापुढे, तिसरीत, 'सतत गैरहजर'.

दाखला घेऊन घरी आलो. आत्या पडवीत कुळीथ पाखडत होती. तिला विचारलं, तुझं काय लिहिलंय ते सांगू का? सांगितलं. सूप थांबलं.

"गैरहजर?" ती म्हणाली. "अरे, शाळेतला हंडा रोज कोण भरीत होता मग? आणि शनवारी जमीन कोण सारवीत होता?"