ऑफिसात निघते, शेडमध्ये निघत नाही

मे महिन्यातली दुपार, अडीचची वेळ. सावद्याजवळच्या एका केळीच्या पॅकहाऊसमधून फोन आला. "भाऊ, कंटेनर भरून उभा आहे अन् पॅकिंग लिस्ट निघू नही राह्यली. मोबाइल नुसता प्रिंटर शोधू राह्यला."

कंटेनर न्हावा-शेव्याला जायचा होता, तिथून आखाती देशात. आत केळी तेरा अंशांवर थंड होती, म्हणून आतल्या मालाची चिंता नव्हती. पण तो थंडावा टिकवायला जनरेटर डिझेल जाळत होता, कागद हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर हलत नव्हता, आणि बाहेर ४४ अंशांच्या उन्हात पुढच्या गाडीचा माल पत्र्याच्या शेडमध्ये येऊन पडत होता.

या पॅकहाऊसमध्ये कॉम्प्युटर नाहीच. सुपरवायझर पोरगा शेडमध्ये उभा राहून खोक्यांची मोजणी मोबाइलवर करतो. चार फण्यांचे किती, पाचचे किती, सहाचे किती. त्याची पीडीएफ बनवतो आणि तिथूनच प्रिंट सोडतो. प्रिंटर मात्र ऑफिसात, एसीखाली. ते बरोबरच आहे. असल्या इंक टँक प्रिंटरच्या पुस्तिकेत चालवण्याचं तापमान साधारण ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली ते सकाळीच ओलांडलं जातं.

पोचल्यावर प्रिंटरला हात लावण्याआधी आत्तापर्यंत काय काय करून झालं ते विचारलं. प्रिंटरचं ॲप मोबाइलवरून तीनदा काढून पुन्हा टाकलं होतं, राऊटर बंद-चालू केला होता आणि शेवटी कोणीतरी बटणं दाबून प्रिंटरचं नेटवर्क सेटिंगच पुसलं होतं. वाय-फायचा दिवा एकसारखा लुकलुकत होता. म्हणजे मूळ दुखणं एक, आणि त्यावर हे दुसरं नवीन. अशा वेळी नवीन आधी काढावं लागतं, त्याशिवाय जुनं दिसत नाही.

प्रिंटर पुन्हा वाय-फायवर घ्यायला लागलो. घरगुती आणि छोट्या ऑफिसातले बरेचसे वाय-फाय प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ओळखतात; ५ गिगाहर्ट्झचं नाव त्यांच्या यादीत येतच नाही. हल्लीचे राऊटर दोन्ही पट्टे एकाच नावाखाली देतात. राऊटरवर २.४ चालू आहे आणि वाय-फायच्या पासवर्डची सुरक्षा पद्धत डब्ल्यूपीए २ वर आहे, एवढं पाहून घेतलं. फक्त नवी पद्धत, डब्ल्यूपीए ३, ठेवलेल्या राऊटरवर जुना प्रिंटर चढतच नाही. मोबाइल ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला म्हणून प्रिंट अडते असं बरेच जण सांगतात. तसं नसतं. एकाच राऊटरचे दोन्ही पट्टे हे एकच नेटवर्क असतं. अडचण येते ती फक्त जोडणी करताना.

मग मोबाइलवर ब्लूटूथ आणि लोकेशन चालू केलं. ॲपला लोकेशनची परवानगी नाकारली की अँड्रॉइड त्याला आजूबाजूच्या वाय-फायची यादीच देत नाही, आणि ॲप 'प्रिंटर सापडला नाही' एवढंच सांगतं. इथे परवानगी दोन दिवसांपूर्वीच नाकारलेली निघाली. पासवर्ड टाकताना डोळ्याच्या चिन्हावर बोट ठेवून अक्षरं उघडी केली. काही ॲपमध्ये कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो, आणि सुचवलेला शब्द निवडला की शेवटी एक मोकळी जागा चिकटवतो. ती जागा दिसत नाही, पण प्रिंटर तिला पासवर्डचाच भाग धरतो. डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडायचं, बटण दाबूनही हे काम होतं. राऊटरवर दाबल्यापासून दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवर दाबायचं. पण राऊटर भिंतीवर उंच टांगलेला होता, म्हणून ॲपनेच केलं.

दिवा स्थिर झाला. प्रिंटरच्या बटणावरून नेटवर्क स्टेटसचं पान काढलं. हे पान मी प्रत्येक ठिकाणी काढतो, कारण ॲप काय म्हणतं त्यापेक्षा प्रिंटर स्वतः काय म्हणतो ते महत्त्वाचं. प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, होता १९२.१६८.१.३७. ऑफिसात उभं राहून पोराच्या मोबाइलवरून चाचणीचं पान सोडलं, लगेच निघालं.

"झालं का?" आप्पांनी विचारलं. आप्पा मालक. त्यांनीही सकाळी याच खुर्चीत बसून एक बिल काढलं होतं, म्हणून प्रिंटर बिघडलाय हे त्यांना पटतच नव्हतं. पोरगा मोबाइल घेऊन शेडमध्ये गेला, लिस्ट उघडली, प्रिंट दाबलं. गोल चक्र फिरत राहिलं. परत ऑफिसच्या दारात आला, प्रिंटर दिसला. दोन पावलं मागे गेला, नाहीसा झाला.

इथे रेंज कमी पडते असं कोणालाही वाटेल. पण शेडमध्ये वाय-फायच्या चारही रेघा भरलेल्या होत्या आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ चालत होता. वर पाहिलं तर खांबाला दुसरा राऊटर. आदल्याच दिवशी लावलेला. शेडची भिंत पत्र्याची, आणि धातूच्या पत्र्यातून वाय-फाय जात नाही. शिवाय शेड केळीने भरली की त्या मालातलं पाणीही लहरी शोषून घेतं. म्हणून ऑफिसातून वायर ओढून इथे दुसरा राऊटर बसवला होता, आणि मोबाइलवर पुन्हा काही टाकावं लागू नये म्हणून त्याला पहिल्याचंच नाव आणि पासवर्ड दिला होता. ज्याने लावला त्याने सोयीचाच विचार केला होता, आणि इंटरनेटपुरतं ते काम अगदी बरोबर झालंही होतं.

पोराच्या मोबाइलवर वाय-फायच्या नावासमोरचं दातेरी चाक दाबून मोबाइलचा असाच पत्ता पाहिला. ऑफिसात होता १९२.१६८.१.२३. शेडमध्ये तोच मोबाइल, तेच नाव, आणि पत्ता १९२.१६८.०.१०४. तिसऱ्या जागी १ चा ० झाला होता. तो एक आकडा पाहिला आणि दुखणं कळलं. मोबाइल चालत चालत एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जात होता आणि नाव एकच असल्यामुळे कोणाला कळत नव्हतं.

ऑफिसातून आलेली वायर दुसऱ्या राऊटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरून इंटरनेट घ्यायच्या खाचेत, खोचलेली होती. तसं केलं की तो राऊटर आपलं वेगळं घर मांडतो: स्वतःचे पत्ते वाटतो आणि पहिल्या राऊटरला बाहेरचं जग समजतो. मोबाइल प्रिंटर शोधतो म्हणजे नेटवर्कवर हाक मारतो, 'इथे कोणी प्रिंटर आहे का?' ती हाक २२४.०.०.२५१ या ठरलेल्या पत्त्यावर जाते आणि त्या घराच्या उंबऱ्यापर्यंतच पोचते. राऊटर ती पुढे सोडत नाही. तसा नियमच आहे. ऑफिसातल्या प्रिंटरला शेडमधली हाक ऐकूच येत नव्हती.

पण हाक पोचत नसली तरी थेट पत्त्यावर टाकलेली चिठ्ठी पोचते. आतल्या राऊटरकडून बाहेरच्याकडे जायला वाट असते. इंटरनेट चालतं ते त्याच वाटेने. खात्री करायला शेडमध्ये उभं राहून मोबाइलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.३७ टाकलं. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं, शाईच्या टाक्यांच्या चित्रासकट. ज्या मोबाइलला यादीत प्रिंटर दिसत नव्हता, त्याच्याच पडद्यावर प्रिंटरचं पान. हेच उलटं असतं, प्रिंटर शेडच्या राऊटरवर आणि मोबाइल ऑफिसच्या, तर हेही उघडलं नसतं. बाहेरून आत यायला तशी वाट नसते.

कंटेनर उभा होता, म्हणून वायरींना हात न लावता आधी कागद काढायचा ठरवला. अँड्रॉइडमध्ये २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून प्रिंट सर्व्हिस फोनमध्येच येते. सेटिंगच्या शोधात 'प्रिंटिंग' टाकलं, डिफॉल्ट प्रिंट सर्व्हिस उघडली, वरचे तीन ठिपके, 'प्रिंटर जोडा', आणि आयपी पत्त्याने जोडायचा पर्याय. पत्ता टाकला, पाच-सात सेकंदांत नाव आलं. लिस्ट सोडली, आणि प्रिंटर कागद ओढायच्या आधीच अडला. कागदाच्या मापाची तक्रार. प्रिंटच्या पडद्यावर माप 'लेटर' निवडलेलं होतं. लेटर म्हणजे अमेरिकेतला कागद, ए४ पेक्षा रुंद आणि आखूड. ते ए४ केलं. मधल्या धडपडीत पाठवलेली अकरा पानं रांगेत अडकली होती, ती रद्द केली, नाहीतर सगळ्या जुन्या लिस्टा एकामागून एक बाहेर आल्या असत्या आणि ड्रायव्हरच्या हाती चुकीची गेली असती. मग तीन प्रती काढल्या. सव्वाचारला कंटेनर फाटकाबाहेर पडला.

एवढ्यावर थांबणं मला योग्य वाटलं नाही. पत्ता टाकायची युक्ती एका मोबाइलपुरती असते. खरेदीदाराचा माणूस आयफोन घेऊन येतो. आयफोनमधून प्रिंट सोडणारी एअरप्रिंट २०१० पासून आहे, पण तिच्यात हाताने पत्ता टाकायची सोय नाही. त्याला शेडमधून प्रिंटर कधीच दिसला नसता.

संध्याकाळी मजूर गेल्यावर शेडचा राऊटर खाली घेतला. त्याला वेगळं घर न मांडू देता ऑफिसच्याच नेटवर्कचा भाग करायचं होतं. नव्या राऊटरमध्ये त्यासाठी ॲक्सेस पॉइंट नावाचा पर्याय असतो. तो निवडला की पुढचं सगळं आपोआप होतं. या जुन्यात नव्हता, म्हणून हाताने केलं. यात क्रम सांभाळावा लागतो. सगळ्यात आधी वॅनमधली वायर काढली. ती तशीच ठेवून राऊटरला १९२.१६८.१ च्या घरातला पत्ता द्यायला गेलं, तर दोन्ही बाजूंना एकच घर दिसतं आणि राऊटर एकतर नकार देतो नाहीतर स्वतःच पत्ता बदलतो. मग मोबाइल त्याच्या वाय-फायवर ठेवून १९२.१६८.०.१ उघडलं आणि त्याचा लॅन पत्ता, म्हणजे आतल्या बाजूचा पत्ता, १९२.१६८.१.२ केला. ऑफिसचा पहिला राऊटर, म्हणजे फायबरचा डबा, २० पासून पुढचे आकडे वाटत होता, तेव्हा २ मोकळा होता. राऊटर पुन्हा सुरू झाल्यावर नव्या पत्त्यावर त्याचं पान उघडलं आणि डीएचसीपी बंद केलं, म्हणजे पत्ते वाटायचं काम एकट्या डब्याकडे राहिलं. हे बंद करायचं विसरलं तर दोघे वेगवेगळे पत्ते वाटत बसतात आणि कधी चालतं, कधी नाही, असा महिनाभर चालणारा त्रास मागे लागतो. शेवटी वायर वॅनऐवजी लॅनच्या, म्हणजे आतल्या बाजूच्या, पोर्टमध्ये लावली, आणि वॅनच्या पोर्टवर चिकटपट्टी मारली, पुढे कोणी चुकून तिथे खोचू नये म्हणून. नाव आणि पासवर्ड तेच ठेवले. आता ते सोयीचेच होते. वाय-फायचे चॅनेल मात्र वेगळे केले, ऑफिसला १ आणि शेडला ११, म्हणजे एकमेकांच्या आवाजात मिसळणार नाहीत.

एक काम उरलं होतं. आपल्याकडे वीज जाते. वीज आली की डबा पत्ते नव्याने वाटू शकतो, आणि मग ३७ चा प्रिंटर ४१ वर जाऊन बसतो. पत्त्याने जोडलेला मोबाइल जुन्याच दारावर थाप मारत राहतो. डब्याच्या सेटिंगमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यासमोर, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या कायमच्या ओळख क्रमांकासमोर, ३७ हाच आकडा राखून ठेवला. मुद्दाम तोच, म्हणजे पोराच्या मोबाइलवर दुपारी केलेलं बदलायला नको. मॅक पत्ता त्या स्टेटसच्या पानावरच छापलेला होता. तेच पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून प्रिंटरच्या बाजूला चिकटवलं.

मग मुख्य स्विच पाडला, मिनिटभर थांबून वर केला. प्रिंटर तीस-चाळीस सेकंदांत तयार झाला, फायबरचा डबा जवळजवळ तीन मिनिटांनी. मधल्या वेळात प्रिंटरचा दिवा लुकलुकत राहिला आणि डबा उठल्यावर आपोआप स्थिर झाला. सगळेच प्रिंटर असे परत जोडले जात नाहीत. काही शोधून थकतात आणि गप्प बसतात. म्हणून पोराला सांगितलं, वीज आली की आधी डब्याचे दिवे हिरवे होऊ दे, प्रिंटर त्यानंतर चालू कर.

तो मोबाइल घेऊन शेडच्या पार टोकाला गेला, केळी धुवायच्या टाक्यांपलीकडे. पत्त्याने जोडलेला प्रिंटर मी आधीच काढून टाकायला लावला होता, म्हणजे हाक पोचते की नाही ते कळावं. टाक्यांजवळून त्याने हात वर केला. ऑफिसात प्रिंटरने कागद ओढला, उद्याच्या गाडीची कोरी लिस्ट, ए४ वर.